तव्यासाठी मुरुडला

तेहतीस वर्षं शाळेत 'लोखंड का गंजतं' हा धडा शिकवलेला एक माणूस गंजलेला तवा पिशवीत घालून नांदेडहून सकाळच्या एसटीत बसला. तो माणूस मी. बायको, सुनंदा, लेकीकडे गेली होती. तिच्या आईनं लग्नात दिलेला तवा मी हौसेनं साबण लावून भिजत घातला आणि तीन दिवस विसरलो. सुनंदा दुसऱ्या दिवशी परत येणार होती. तवा मुळात लातूरजवळच्या मुरुडच्या बाजारातला. तिथूनच तसाच दुसरा आणून ठेवला की झालं, असा माझा बेत होता.

वाटेत लोहा लागलं. गावाचं नाव वाचून मी मुकाट्यानं खिडकी लावून घेतली. अहमदपूरला भजी खाल्ली. मिरची अशी, की दोन गावं तव्याची आठवण झाली नाही. लातूरला गाडी बदलून मुरुड गाठलं.

बाजारात एक म्हातारी पोत्यावर तवे मांडून बसली होती. तिला तवा दाखवून मी हवा, पाणी, ऑक्साइड असं सगळं समजावलं.

"एवढं ठाव हाय, तर भिजत कशापायी घातला, गुर्जी?"

यावर पुस्तकात काही दिलेलं नाही.

तिनं नखानं तवा खरवडला. "ह्यो मेला न्हाई. गंज वरवरचा हाय. विटकरीनं घासा, तेल लावून जाळावर धरा."

"नको, नवाच द्या."

"घ्या. पर ह्यो बिडाचा (ओतीव लोखंडाचा) हाय. पडला की फुटंल."

"मावशी, लोखंड फुटत नसतं. ठोकलं तर पसरतं."

"तुमचा जुना घडीव हाय, त्यो पसरंल," म्हणत तिनं नवा तवा कागदात गुंडाळला. तिला जास्त कळतं हे मला कळलं होतं, पण कबूल करवेना.

लातूरच्या स्थानकात पिशवीचा बंद तुटला. जुना तवा फरशीवर खणखणला. नव्याचे दोन तुकडे झाले.

"काय फुटलं, काका?" शेजारच्यानं विचारलं.

"लोखंड."

"लोखंड फुटतंय व्हय?"

तुकडे तिथंच कचऱ्यात टाकले. घरी येऊन जुना तवा विटकरीनं घासला, तेल लावून गॅसवर तापवला. मावशीनं सांगितलेलं एकही पाऊल चुकवलं नाही. हात काळे झाले, आणि खरं सांगतो, भीती वाटत होती.

सुनंदानं आल्या आल्या भाकरी टाकली. ती चिकटली, फाटली. तिनं तव्याकडे पाहिलं, मग माझ्या नखांकडे.

"भिजत घातला होता?"

"हो."

दुसरी भाकरी टम्म फुगली. ती तिनं माझ्या ताटात वाढली, फाटकी स्वतः घेतली.

"आईची एवढी एकच वस्तू उरलीय माझ्याकडे. नवा आणून ठेवला असता ना, तर जन्मात माफ केलं नसतं."

मी भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.


"कुठं गेला होता का मधे?" तिनं विचारलं.

"कुठं जाणार?" मी म्हणालो, आणि आणखी एक भाकरी मागितली.