तात्यांच्या उलट्या चुली

तात्या गेले तेव्हा मला दोन कारणांनी रडू आलं. एक, तात्या गेले म्हणून. दुसरं, आता माझी नोकरी जाणार म्हणून. दुसरं जरा जास्तच आलं. बारामतीला वडिलांनी स्थळ बघून ठेवलं होतं. नोकरी सुटली की बोहल्यावर, असं ठरलेलं. मुलाचे कान मी पाहिले होते, त्यामुळे नोकरीवर माझी फार निष्ठा होती.

नोकरी ग्रामसेविकेची. स्वातंत्र्य नवं होतं, आणि खेड्यातल्या बायकांचे डोळे धुरानं जाऊ द्यायचे नाहीत असं सरकारनं मनावर घेतलं होतं. म्हणून घरोघरी बिनधुराची चूल: मातीचीच, पण मागं धुराडं, धूर थेट छपराबाहेर. ती बांधायचं शिक्षण घेऊन, प्रमाणपत्र ट्रंकेत, छत्री हातात, अशी मी इंदापूर तालुक्यात बावड्याच्या अलीकडच्या एका गावात उतरले. मला वाटलं, गावाचं भाग्य उजळलं. गावाला वाटलं, देवी टोचणारी बाई आली. पोरं कणगीमागं लपली.

तात्या तिथले ग्रामसेवक. मला तयार करायचं काम त्यांच्याकडं होतं. पहिल्याच आठवड्यात मी ठरवलं की मीच त्यांना तयार करावं, कारण तात्यांना चूल येतच नव्हती. ज्या घरी जावं तिथं हे माती कालवणार, गप्पा मारत चूल उभी करणार, आणि तिचं तोंड अशा बाजूला ठेवणार की रांधणारीनं दक्षिणेला तोंड करून बसावं. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. घरची बाई किंचाळायची.

"अवं तात्या! आमच्या घरादाराच्या मुळावर उठलाय व्हय?"

"चुकलंच की गं," तात्या डोकं खाजवायचे. "मग कशी पायजे?"

"सरका तिकडं!" असं म्हणून ती पदर खोचायची, लाथेनं चूल मोडायची आणि नवी स्वतःच बांधायची. तात्या नुसते "धुराडं जरा वर घे" म्हणायचे आणि गुळाचा चहा प्यायचे.

एकदा मला राहवलं नाही. भर बायकांत मी बोट दाखवून म्हणाले, "तात्या, दक्षिण तिकडं आहे. प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी शिकवतात." बायका पदर झटकून उठल्या. त्या दिवशी चूलही झाली नाही आणि चहाही नाही.

वाटेत तात्या म्हणाले, "बाई, तुमचं बरोबर हाय. पर बरोबर माणसाला चहा कोण पाजतंय?" मग त्यांनी समजावलं, की दुसऱ्यानं बांधलेली चूल बाई चार दिवसांत फोडते, स्वतःची फोडत नाही. मी मनात म्हणाले, म्हातारा चूक झाकतोय.

मी एकटीनं टेपानं मोजून बांधलेल्या चुली मात्र देखण्या होत्या. त्यातल्या एकीत कोंबडी खुडूक बसली. बाकीच्या रिकाम्याच होत्या.

आणि मग पावसाळ्याच्या तोंडाशी तात्या तापानं गेले. शोकसभेला इंदापूरहून साहेब आले. त्यांनी मला आधीच बाजूला घेऊन सांगितलं, "बायका तुम्हाला घरात घेत नाहीत असं ऐकतो. तसंच असेल तर ही जागा आम्ही बंद करू." डोळ्यांपुढं ते कान आले.

साहेबांनी भाषणात सांगितलं, की दिवंगतांच्या हातून आयुष्यात एकही चूक झाली नाही. मागं बायकांनी तोंडाला पदर लावले. मला वाटलं, रडतायत.

मग मी उठले. भाषण पाठ होतं. "क्रूर काळाने घाला घातला," इथपासून सुरुवात करून मी म्हणाले, "या गावातील प्रत्येक चूल त्या थोर पुरुषाने स्वहस्ते बांधली!"

"खोटं हाय!" मागून एक थोराड बाई उभी राहिली. "माजी मीच बांधली. त्येंची मी लाथंनं मोडली."

"माजी बी मीच!"

"त्यास्नी कुठं येत व्हती? धा घरं हिंडलं, पर दक्षिण न्हाय कळली!"

हसता हसता ती थोराड बाई खालीच बसली आणि गुडघ्यांत डोकं घालून हमसून रडू लागली. साहेब टोपी काढावी की ठेवावी या विचारात. आणि प्रमाणपत्रधारक मी तोंड उघडं टाकून उभी. दहा घरी तीच चूक, तीच दिशा! एवढं अचूक कुणी चुकतं?

सभा मोडली. ती बाई डोळे पुसत जवळ आली. "माज्या धाकल्या जावंची चूल ऱ्हायलीय. तुमास्नी तरी येती का बाई?"

साहेब ऐकत होते. टेप माझ्या पिशवीत होता. मी म्हणाले, "न्हाय येत."

"मग चला, बसा हितं," म्हणत तिनं जावेच्या घरी माझ्यापुढं चिखलाचा गोळा ठेवला. साहेब दारात. मी चूल उभी केली, तोंड ठेवलं, आणि जाऊ किंचाळली, "अगं बया! दक्षिणंला!"

मी ते मुद्दाम केलं, असं नातवंडांना आजवर सांगत आले. खरं म्हणजे रडून रडून मला पूर्व-पश्चिम काहीच दिसत नव्हतं. पण जावेनं लाथ घातली, पदर खोचला, आणि थोरलीनं आत बघून हाक दिली, "बाईला च्या टाका गं. गूळ जरा जास्त घाला."