नाही म्हणायची सोय

जॉबरमामांना कुणी नमस्कार केला, की ते आधी त्या माणसाच्या मागं कोण उभं आहे ते बघत. माणूस एकटा असेल तर नमस्कार घेत. मागं कुणी फोन धरून फोटो काढत असेल, तर मामांचे हात खिशात जात.

इचलकरंजीत यंत्रमागांवर ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. उभी हयात त्या खडखडाटात काढल्यामुळं कान अधू झाले होते आणि आवाज वाढला होता. कोल्हापुरातल्या आमच्या लहानशा कॅथलिक चर्चला त्या आवाजाचा फायदा झाला. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे उपासनेत, प्रवचनानंतर लोकांच्या वतीनं चार-पाच प्रार्थना वाचतात, ते काम मामांकडं होतं. माइक बंद पडला तरी काही अडत नसे. मामा एकेक प्रार्थना वाचत आणि सगळे उभे राहून एका सुरात म्हणत, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.'

त्या प्रार्थना लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी कॉन्व्हेंटात शिकलेली. चारचौघांत बोलायचं म्हटलं की मी मागं सरते, पण मराठी टायपिंग येतं, एवढं फादरांना पुरेसं होतं. पहिला कागद मामांनी खिडकीपाशी नेऊन दोनदा वाचला.

"हे कुणी लिहिलं?"

"मी."

"'आपण त्या सर्वांसाठी प्रार्थना करूया जे की आजारी आहेत.' असं बोलतंय कोण, पोरी? आजारी माणसांसाठी म्हण की." मग म्हणाले, "देवाला इंग्रजी येतं. पण वाचायचं मला हाय."

पुढं दर रविवारी हेच. मिस्सेआधी मामा प्रत्येक ओळीवर बोट ठेवून ती कुणी लिहिली ते विचारत. माझी असेल तर दुरुस्त करत. फादरांनी सुचवलेली असेल तर फादरांनी ती का सुचवली, असं मलाच विचारत, जणू मी त्यांच्या पोटात शिरून आले होते. यांचा माझ्यावर विश्वास नाही असं मला वाटे, आणि खरं सांगायचं तर माझाही त्यांच्यावर नव्हता. उठल्यासुटल्या संशय घेणाऱ्या माणसाला स्वतःलाच काहीतरी हवं असणार, असा माझा हिशोब होता.

हवं होतंच. आमची दफनभूमी भरून गेली आहे. मामांच्या बायकोची, मार्थामामींची, कबर कुंपणाच्या भिंतीला अगदी लागून आहे आणि तिच्या शेजारी जागा नाही. भिंतीपलीकडं महापालिकेच्या जागेची एक अरुंद पट्टी मोकळी पडलेली आहे. ती मिळाली, भिंत सरकली, की मामींच्या शेजारी मामांची सोय होणार. त्यासाठी ते किती वर्षं अर्ज करत होते ते त्यांनाच माहीत. मिस्सा संपली की ते दफनभूमीत जात आणि भिंतीवरून वाकून ती पट्टी बघून येत. कुणी छेडलं तर म्हणत, "आमची मामी चिडखोर हाय. लांब निजलो तर ऐकून घ्यायची न्हाई."

मागच्या निवडणुकीच्या आधीच्या नाताळात आमच्या प्रभागातले एक उमेदवार चर्चमध्ये आले. त्यांना सगळे दादा म्हणत. बरोबर केक, सात-आठ कार्यकर्ते आणि फोटोवाला. येशूजन्माच्या गव्हाणीपाशी फोटो झाला आणि दादा निघाले, तर मामा दारातच उभे.

"पावणं, मिस्सेला आलाय न्हवं?"

दादा हसून हो म्हणाले.

"मग बसा की. आत्ता सुरूच हुतीया."

शे-दीडशे माणसांसमोर नाही म्हणता येईना. दादा बसले. पुढचा दीड तास ते आमच्याबरोबर उठले, बसले, गुडघ्यांवर आले. कार्यकर्ते बाहेर गाडीभोवती घुटमळत राहिले. मामांनी दादांकडं एकदाही पाहिलं नाही असं मला वाटलं होतं. पण संपल्यावर मला म्हणाले, "फोनला हात न्हाई लावला गड्यानं. मत ह्यालाच."

दादांनी फादरांना त्या पट्टीचा शब्द दिला, तो बहुधा त्याच दिवशी.

मतदानाआधीच्या शनिवारी संध्याकाळी फादरांचा फोन आला. एरवी ते मला सगळं व्हॉट्सअॅपवर पाठवत. सणांच्या तारखा, आजाऱ्यांची नावं, सगळं. ही एक ओळ मात्र त्यांनी फोनवर तोंडी सांगितली आणि मी ती लिहून घेतली: आपल्या प्रभागाच्या विकासासाठी झटणाऱ्या दादांना या निवडणुकीत यश लाभावं म्हणून प्रार्थना करूया. ही ओळ लिहून का पाठवली नाही, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. मी 'येस फादर' म्हणाले आणि ती टाइप केली.

रविवारी मामांचं बोट त्या ओळीवर थांबलं.

"हे कुणी लिहिलं?"

"मी," मी म्हणाले. टाइप तर मीच केली होती.

मामांनी माझ्याकडं बघितलं, कागदाची घडी घातली आणि वेदीमागच्या खोलीत गेले, जिथं फादर मिस्सेचे कपडे घालत होते. मी दाराशी उभी राहिले. मामांना हळू बोलता येत नसे आणि त्यांच्याशीही हळू बोलून चालत नसे, त्यामुळं ऐकायला कष्ट पडले नाहीत.

ते म्हणाले की पाचवी ओळ आपण वाचणार नाही. निवडणूक नीट पार पडावी, भांडणं होऊ नयेत, असं लिहून द्या, ते वाचतो. फादर वयानं लहान, पण समजुतीनं बोलणारे. त्यांनी मामांच्या खांद्यावर हात ठेवला. आपण मूठभर माणसं, आपल्याला कोण विचारतं, निदान एक माणूस शब्द देतोय, असं सगळं सांगितलं. मग म्हणाले, "मामा, मी हे सिमेट्रीसाठीच करतोय ना. तुमच्यासाठीच."

"मी त्यालाच मत देणार हाय, फादर."

"मग अडचण काय?"

"बाहेर चौकात म्हणा, मी बी येतो संगं. तिथं एखादा उठून न्हाई म्हणंल. हितं काय बी वाचा, लोक 'ऐक' म्हणत्यात. हितं न्हाई म्हणायची सोय न्हाई." मग म्हणाले, "मागाचा सुद्धा धागा तुटला तर माग आपसूक थांबतो, फादर. आपली मिस्सा थांबत न्हाई."

फादरांचा चेहरा मला दिसत नव्हता. ते शांतपणे म्हणाले की मग आज ती मुलगी वाचेल. घडी घातलेला कागद माझ्या हातात आला.

मी वाचल्या. पहिल्या चार मामांनी दुरुस्त केलेल्या होत्या, त्या कशाबशा पार पडल्या. पाचवी ओळ आली तेव्हा मी मान वर केली. का, ते माहीत नाही. कदाचित कुणीतरी थांबवावं म्हणून. सगळे उभे होते. चौथ्या बाकावर, उभ्या माणसांच्या मधे, जॉबरमामा बसलेले होते. मागच्यांना ते दिसत नव्हते, पुढच्यांच्या पाठी त्यांच्याकडं होत्या. वेदीच्या पायरीवरच्या माझ्या जागेवरून मात्र ते दिसत होते. मी ओळ वाचली. लोक म्हणाले, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.' आजाऱ्यांसाठी म्हणाले होते, तसंच.

पुढच्या रविवारपासून वाचन माझ्याकडंच राहिलं. मामांचा आवाज त्या खोलीबाहेरही पोचला असणार; म्हाताऱ्यानं दुसऱ्या पार्टीचं खाल्लंय, अशी कुजबुज चर्चच्या आवारात सुरू झाली. मतदानादिवशी मामा सकाळीच जाऊन दादांना मत देऊन आले, हे त्यांनी मला सांगितलं आणि कुणाला सांगू नको म्हणाले.

दादा पडले. जे निवडून आले, ते पुढच्या नाताळात सगळ्यांशी हात मिळवत फिरले. फादरांनी त्या पट्टीचा विषय काढला तेव्हा मी केकच्या बशा धरून शेजारीच होते. नवे नगरसेवक फार गोड हसले. "बघू की, फादर. तुमची प्रार्थना आमच्या बी कानावर आलती."

ती थट्टा होती की निरोप, हे मला अजून कळलेलं नाही. दादा निवडून आले असते तरी पट्टी मिळाली असती याची काय खात्री, असंही मी स्वतःला सांगते. पट्टी आजही तशीच आहे.

मामा आजारी पडले तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. त्यांच्या कानाशी वाकून, जमेल तेवढ्या मोठ्यानं सांगितलं की ती ओळ मी लिहिली नव्हती.

"ठाऊक हाय," मामा म्हणाले. "त्यात चूक न्हवती एक बी."

मला रडू आलं आणि हसूही. मग तेव्हाच का बोलला नाहीत, असं विचारलं, तर म्हणाले, "तू सांगतीस का बघत हुतो." मग त्यांनी पाण्याचा तांब्या जवळ सरकवायला सांगितलं.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात मामा गेले. त्यांना दफनभूमीच्या दुसऱ्या टोकाला पुरलं, एका फार जुन्या कबरीच्या जागी, जिचं आता कुणी उरलेलं नाही. तिथून मार्थामामींचा क्रूस दिसत नाही. माती लोटताना फादर बराच वेळ भिंतीकडं बघत होते.

रविवारच्या प्रार्थना अजून मीच लिहिते आणि वाचते. प्रत्येक प्रार्थना वाचून होत आली की शेवटचं 'म्हणून प्रार्थना करूया' लगेच म्हणत नाही. मनात दहापर्यंत मोजते. लोकांना पहिल्यांदा वाटलं, माझी ओळ हरवली. एक-दोघांनी खोकून आठवण करून दिली. मिस्सा लांबते, असं फादर दोनदा म्हणाले, आणि दोन्ही वेळा मी मान डोलावली. आता लोकांना सवय झाली आहे. त्या दहा आकड्यांत बाहेरच्या रिक्षा ऐकू येतात, कुणीतरी बाकावर हलतं, आणि मी कागदावरून मान वर करून, कुणी बसतंय का, म्हणून एकेका रांगेकडं बघत राहते.