रूथमावशीची साक्ष

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. दर रविवारी लोकांना 'पश्चात्ताप करा' म्हणून सांगणारा पाळक मी — आणि स्वतःचं मात्र तीन वर्षं गिळून बसलोय.

पाळक व्हायच्या आधी मी उसाच्या पिकावर मारायचं टॉनिक विकायचो, तासगाव-वाळवा भागात. बोलणाऱ्याची बोरंही खपतात म्हणतात, तशातला मी. आमची रीत ठरलेली. गावात मेळावा घ्यायचा आणि ज्याचा ऊस जोरात आलाय त्या शेतकऱ्याला माईकपुढं उभं करायचं. त्यानं शेणखतही भरपूर घातलेलं असायचं — पण तेवढं बोलायचं नाही, हे मी आधीच बजावलेलं असायचं. खोटं कुठं होतं त्यात? नुसतं अर्धं सांगणं.

मग देवाचं पाचारण आलं. खरंच आलं हो — त्यात मला आजही शंका नाही. नोकरी सोडली, सांगलीजवळच्या एका लहानशा चर्चच्या मंडळीचा पाळक झालो. वाटलं, ही बोलायची कला देवानं उगाच का दिली? त्याच्याच कामाला लावू.

रूथमावशी आमच्याच मंडळीतली. रक्तदाब वाढून चक्कर यायची, पडायची. मी प्रार्थना केली, दवाखान्यातल्या गोळ्याही सुरू झाल्या, आणि ती बरी झाली. उपासनेत ती साक्ष द्यायला, देवानं कसं बरं केलं ते सगळ्यांपुढं सांगायला उठणार, तेवढ्यात मी तिला बाजूला घेतलं — गोळ्यांचं राहू द्या मावशी, प्रार्थनेचं तेवढं सांगा.

काय बोलली ती! लोक ढसाढसा रडले. मग पार पाटणपर्यंत मी तिला सभांना नेलं. गर्दी वाढत गेली, आणि मी हवेत.

एका रविवारी उपासनेआधी ती हसत माझ्याजवळ आली. "आवं पाळकसायब, देवाच्या घरात खोटं बोलतीया म्हणून मन लय खायचं. आता न्हाई. गोळ्या सोडल्या म्या."

तिथंच ओरडायला नको होतं मी? पण आत साताऱ्याची माणसं बसली होती, खास तिला ऐकायला आलेली. मी म्हणालो, "चला मावशी, वेळ झाली." नंतर बोलू म्हटलं — आणि बोललोच नाही. त्या आठवड्यात नाही, पुढच्याही नाही. गोळ्या परत घ्या म्हणायचं, म्हणजे तिची साक्ष मोडायची. माझी सभा मोडायची. भ्यालो मी, दुसरं काही नाही. लाज वाटते लिहिताना.

महिन्याभरात तिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

दवाखान्यात डॉक्टर मावशीच्या लेकीला विचारत होते, गोळ्या कशामुळं थांबवल्या? ती बिचारी गोंधळली. माझ्याकडे वळून म्हणाली, "पाळकसाहेब, तुम्हाला काय बोलली होती का आई?"

मावशी शुद्धीवर होती. सगळं ऐकत होती. माझ्याकडेच बघत होती.

मी म्हणालो, "नाही."

मग लेकीनं मला प्रार्थना करायला सांगितलं. मी केली. फार सुंदर झाली, असं नंतर सगळे म्हणाले.