तिसरा मजला आणि मोड आलेले मूग

मुलाने फ्लॅट घेतला तो तिसऱ्या मजल्यावर. पाथर्डी फाट्याच्या बाजूला तेव्हा नव्या बिल्डिंगी उठत होत्या, आणि लिफ्ट नसली की वरचा मजला स्वस्तात मिळायचा. त्याने पेढ्यांचा पुडा देवापुढे ठेवला, मला पेढा दिला आणि मग माझ्या गुडघ्यांकडे बघितलं.

मी तेव्हा चांगलीच जाड होते. तोंडावर लोक ‘अंगाने भरलेल्या’ म्हणायचे. माझ्या पाठीमागे काय म्हणत असतील ते मी ओळखून होते. सिडकोत आमच्या दोन खोल्या होत्या, तळमजल्यावर. नवरा जाऊन चारेक वर्षं झाली होती. मुलगा अंबडच्या कंपनीत, सून बालवाडीत शिकवायची, आणि त्यांची पाच वर्षांची मुलगी माझ्याजवळ असायची. घरात मला जिना म्हणून चढावा लागत नव्हता. बाहेर कुठे चढायची वेळ आली की मी काहीतरी कारण सांगून खालीच बसायची.

डॉक्टरांनी फोटो काढले. म्हणाले, गुडघे झिजलेत, ते काही पूर्वीसारखे व्हायचे नाहीत, पण वरचं ओझं कमी केलंत तर जिने चढाल. वरचं ओझं म्हणजे मीच.

संक्रांत झाल्यावर एके दिवशी जेवताना मुलगा म्हणाला, “आई, दसऱ्याला ताबा मिळेल. तू दोन महिने मामाकडे देवळ्याला राहशील का? तोवर मी बघतो, तळमजल्यावरचं कुणी बदलून देतंय का.”

दोन महिने म्हणजे किती, ते मला कळत होतं. घरात नको झालेली कॉट शेजाऱ्याकडे ठेवताना माणूस दोन महिनेच म्हणतो.

माझ्या भावाचं घर काही वाईट नाही. कांद्याची शेती, मोठं अंगण, जेवायला कमी नाही. भावजय भेटली की म्हणायची, “ये ना बाई, हाई तुनंच घर शे,” आणि मनापासून म्हणायची. पण तिथे माझ्या ताटाखाली पाट मांडतात. स्वतःच्या घरात मला कुणी पाट मांडत नाही, उलट मीच सगळ्यांना उठून वाढते. मला तसंच राहायचं होतं.

मुलगा हात धुवायला गेल्यावर सून हळूच म्हणाली, “मी तुम्हांला देवळ्याला पाठवणार नाही.”

“का गं, एवढी माया आली?”

“मायेचं नंतर बघू. माझी शाळा सकाळची. पोरीला कुणापाशी ठेवू?”

हे मला आवडलं. गोड बोलली असती तर मला संशय आला असता.

ती पहाटे, शाळेच्या आधी, योगाच्या वर्गाला जायची. तिथे एका निवृत्त गुरुजींनी भाषण केलं होतं की माणसाने चुलीवरचं काही खाऊ नये, सगळं कच्चं खावं, वजन आपोआप उतरतं. त्याला त्यांनी ‘अपक्व आहार’ असा शब्द सांगितला होता. मी चौथी शिकलेली, मला तो शब्द नीट म्हणताही येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने माझ्यापुढे ताट ठेवलं तेव्हा अर्थ कळला. मोड आलेले मूग, किसलेला कोबी, गाजर, मुळा, भिजवलेले शेंगदाणे आणि ओल्या खोबऱ्याचा तुकडा. फोडणी नाही. मीठ चिमूटभर.

“अगं, ही गव्हाण झाली,” मी म्हटलं.

“हो. खा.”

दुसरं तसलंच ताट तिने स्वतःपुढे घेतलं. ती आधीच काडीसारखी होती. मी म्हटलं, तू पोळी खा, तुला काय झालंय? ती म्हणाली, “तुम्ही एकट्या खाल तर दोन दिवसांत सोडाल. मी समोर असले की लाजेकाजेस्तव खाल.” हेही खरंच होतं.

त्या जेवणाला वेळ फार लागायचा. पोळीभाजी मी पाच मिनिटांत उरकायची. हे चावता चावता जबडा दुखायचा. नात समोर बसून बघायची आणि विचारायची, “आजी, अजून किती उरलं?” संध्याकाळचा स्वयंपाक मात्र मीच करायची, मुलासाठी आणि नातीसाठी. चाखायचं नाही असं ठरलेलं, म्हणून मुलाला कधी अळणी आमटी मिळायची, कधी खारट. तो बिचारा तशीच खायचा. एकदा फक्त म्हणाला, “आई, वजन तुझं उतरवायचंय की माझं?”

पहिला महिना बरा गेला. मग द्राक्षं आली.

सुनेचं माहेर पिंपळगावचं. त्यांचा द्राक्षाचा बाग आहे. बाहेरदेशी जाणारा माल निवडला की जे मणी लहान-मोठे असतात, घड वेडेवाकडे असतात, ते घरच्यांना वाटतात. व्याह्यांनी क्रेट पाठवले. एक संपला की दुसरा. द्राक्षाला कुणी शिजवत नाही, तेव्हा ते आपल्या आहारात बसतं, हे मी आणि सुनेने मिळून ठरवलं. गुरुजींनीही फळं सांगितली होती. मग मुगाचं ताट अर्ध्यावर ठेवून मी द्राक्षं घ्यायची. नातीला गोष्ट सांगताना, कपडे वाळत घालताना, दुपारी आडवं झाल्यावर. एवढं सोपं पथ्य मी जन्मात पाळलं नव्हतं.

फाल्गुनात भाच्याच्या साखरपुड्याला देवळ्याला गेलो. अंगणात भावाचा कांदे मोजायचा काटा होता. सून म्हणाली, “आई, बघू या किती कमी झालं.” मी त्या काट्यावर उभी राहिले. भावाने मापं टाकली, काढली, पुन्हा टाकली. मग त्याने माझ्याकडे बघितलं.

“आक्का, डॉक्टरांकडे तुझं वजन किती भरलं होतं?”

मी आकडा सांगितला.

“त्याच्या वर गेलीस.” आणि तो हसायलाच लागला. “अशीच थांब. आज मार्केटला आवक कमी आहे, तुला चांगला भाव येईल.”

साखरपुड्याची माणसं अंगणात होती, तीही हसली. मीही हसले, करते काय. सुनेचं तोंड मात्र उतरलं. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “माझ्याच माहेरच्या द्राक्षांनी घात केला.”

“द्राक्षांनी काही केलं नाही. खाल्ली मी.”

भाऊ हसला होता, पण निघताना त्याने मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मागच्या अंगाची खोली तो रंगवून ठेवतो. ते मी ऐकलं होतं. खोलीला रंग देणार म्हणजे गोष्ट ठरल्यासारखीच होती.

द्राक्षं बंद झाली. चैत्रात पापड आले.

आमच्या ओळीतल्या बायका मिळून पापड करायच्या, आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पीठ कुटायचं काम माझं. उडदाचं पीठ, मिरे, हिंग, पापडखार, आणि मग तेलाचा हात लावून ते असं कुटायचं की ओढलं तर दोरी निघावी. माझ्या वजनाचा उपयोग व्हायचा असं ते एकच काम. आणि पापड करणारी बाई लाटी तेलात बुडवून खाल्ल्याशिवाय उठत नाही, हे ज्यांनी पापड केलेत त्यांना सांगायला नको. मी एक खाल्ली. मग विचार केला, हे शिजवलेलं आहे का? नाही. भाजलेलं आहे का? नाही. कच्चं आहे. मग मी मोजायचं सोडून दिलं.

सून शाळेतून आली आणि दारात उभी राहिली. माझ्या हातात लाटी, हनुवटीवर तेल.

“आई, हे काय?”

“कच्चं आहे.”

“पापडखाराचं पाणी उकळलेलं असतं.”

“ते गार झालं होतं.”

बायका पोट धरून हसल्या. शेजारीण जरा तोंडाळ होती. ती पोळपाटावरून मान वर न करता म्हणाली, “काकू, तुमच्या घरात चाललंय काय? उपास सासूचा आणि वाळतेय सून. लोक म्हणतील, पोरीला जेवायला देत नाहीत.”

हसणं थांबलं. तेव्हा मी सुनेकडे नीट बघितलं. रोज समोर असलेल्या माणसाकडे आपण बघत नाही. तिच्या ब्लाऊजच्या बाह्या लोंबत होत्या, गळ्याची हाडं वर आली होती. द्राक्षं मी खाल्ली, लाट्या मी खाल्ल्या, आणि कोबी-मुळा ती मुकाट्याने खात राहिली होती. सकाळी शाळेत तीसेक पोरांसमोर उभी राहून बोलायचं, आणि पोटात काय, तर मूग.

मी एक लाटी तेलात बुडवली आणि तिच्यापुढे धरली. “बस खाली.”

“नको.”

“बस म्हणते ना.”

ती बसली. एक खाल्ली, दुसरी खाल्ली. नंतर माझी वाट न बघता स्वतःच हात घालून घेऊ लागली. शेजारणीने तेलाची वाटी तिच्याकडे सरकवली.

त्या रात्री मी तिला सांगितलं, “आजपासून दुपारी तू माझ्यासमोर वरणभात, पोळी, सगळं गरम खायचं. मी माझं गाजर चावते. तू खाल्लं नाहीस तर मी उद्या पेटी भरून देवळ्याला जाते, मुलाला म्हणते मला जायचंच होतं.”

“आणि तुम्ही लाट्या खाल्ल्यात तर?”

“तर तू मला धाड.”

तिने विचार करून मान हलवली. ती बाई सौदा केला की पाळते.

मग मात्र मी कच्चं खाल्लं, आणि तेवढंच खाल्लं. सोपं नव्हतं. समोर ती पोळीवर तूप घालून खायची आणि मी काकडी. पण तिच्या पोटात घास जाताना दिसला की मला बरं वाटायचं. पावसाळ्यात बाजारात मोहात पाडणारं काही नव्हतं. आषाढ गेला, श्रावण गेला, पोलक्याला पिना लावायची वेळ आली. मोड आलेली मटकी आवडते असं काही मी म्हणणार नाही. मला ती आजही आवडत नाही.

रविवारी मुलगा झोपलेला असायचा तेव्हा सून मला रिक्षाने नव्या बिल्डिंगीवर न्यायची. जिन्याला अजून कठडा नव्हता, वाळू पडलेली. ती बाहेरच्या बाजूने चालायची आणि मी भिंतीच्या. पहिल्या रविवारी पहिल्या मजल्यावर मी बसकण मारली. वॉचमन म्हणाला, “आजी, कोणता फ्लॅट?” सून म्हणाली, “वरचा. अजून पोचायच्यात.” भाद्रपदात आम्ही दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलो. तिसरा राहिलाच होता. पितृपक्षात बिल्डरने रंगाचं काम काढून जिना बंद केला.

मुलाला आम्ही यातलं काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तो मागे मागे आला असता आणि मला भीती घातली असती. मी बारीक झाल्याचं त्याला दिसत होतं, पण त्याचं एकच, “अर्ध्यात अडकलीस तर?” त्याने मामाला फोन करून बोलावून ठेवलं होतं.

दसऱ्याला एकाच सकाळी दारात टेम्पोही होता आणि भावाची जीपही. भावाने येताना कांद्याची गोणी आणली होती. माझी पेटी ओट्यावर मधोमध ठेवलेली. हमालाने विचारलं, “ही कुठे टाकू?”

मुलगा बोलायच्या आत सून म्हणाली, “टेम्पोत.”

“अगं पण...” मुलगा म्हणाला.

“टेम्पोत टाक रे,” मी हमालाला म्हटलं.

नव्या बिल्डिंगीखाली सगळे उभे राहिले. मुलाने खुर्ची काढली. “आई, आम्ही दोघं उचलून नेतो.”

“मी काही गणपती नाही.”

पहिला मजला चढले. दुसरा चढले. गुडघे बोलत होते. दुसऱ्या मजल्यावर एका घरातली बाई दार उघडून बघत होती, तिने आत या म्हटलं. मी नाही म्हटलं. बसले असते तर उठले नसते. पुढच्या जिन्यावर सून एक पायरी वर थांबली. हात पुढे केला नाही, नुसती थांबली. मी तिच्या पायरीवर आले की ती पुढची चढायची. मुलगा मागे दोन्ही हात पसरून, मी पडले तर झेलायला. माझ्या मनात आलं, पडले तर हा खाली सापडेल. म्हणून पडले नाही.

वर पोचल्यावर मी उंबऱ्यावरच बसले. मला दम लागला होता आणि सूनही घामाने भिजली होती.

खालून भावाने हाक मारली, “आक्का, मग मी रिकामाच जाऊ?”

“गोणी उतरव आणि जेवून जा,” मी वरून ओरडले.

त्याने खोली रंगवली होती, म्हणून त्याला वाईट वाटलं असेल. जेवताना मी त्याला तसं विचारलं. तो म्हणाला, “कांदे भरतो त्यात.”

पुढे दोनेक वर्षांत थोडं वजन परत आलं. रोज कच्चं खाऊन माणूस जगत असेल, मी काही जगले नसते. पण वर पोचायचं होतं तेवढं झालं. एकदा चढल्यावर उगाच उतरायची हौस मला नव्हती. सुनेने गॅलरीत दोरीला पिशवी बांधून दिली. भाजीवाला खाली गाडी लावायचा, मी पैसे घालून पिशवी सोडायची.

एकदा मेथी जुनी निघाली म्हणून मी वरून भांडले. तो म्हणाला, “आजी, खाली येऊन बघून घ्या ना.”

“मी वर कशी आले ते तुला माहीत नाही,” मी म्हटलं. “तूच ये वर, जुडी दाखवायला.”

आला बिचारा. सुनेने त्याला पाणी दिलं, आणि मेथी बदलून घेतली.