घड्याळातला सेल

बायकोला ठाऊक नाही. सुजाताला तर नाहीच नाही. सुजाता म्हणजे माझी धाकटी बहीण. तिला कळलं तर ती काय म्हणेल, याचा विचार मी इतक्या वेळा केलाय की तिचं उत्तर मला पाठ झालंय, पण सांगायची हिंमत काही झालेली नाही. तुम्हाला सांगतोय. तुम्ही आप्पांना ओळखत नव्हता, म्हणून बहुधा सोपं जातंय.

गोष्ट सेलची आहे. हसू नका. रिमोटमध्ये, भिंतीवरच्या घड्याळात टाकतो ना, तो पेन्सिल सेल. एवढ्याशा वस्तूपायी माणूस वर्षानुवर्षं मनात चोर घेऊन वावरेल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. प्राथमिक शाळेत शिक्षक होते, निवृत्त झाल्यावरही अख्खी कॉलनी त्यांना गुरुजीच म्हणायची. सातपूरला आमचं दोन खोल्यांचं घर. आई आधीच गेली होती. घरात आप्पा, मी आणि सुजाता. आप्पा बौद्धाचार्य होते, म्हणजे आमच्या समाजातली लग्नं लावणं, नामकरणं करणं त्यांच्याकडेच असायचं. पांढरा सदरा, पांढरं धोतर, काखेत गाथांची वही, असे ते रविवारी विहारात आणि लग्नसराईत कुठं कुठं जायचे. आमच्या लग्नात नवरा-नवरी प्रतिज्ञा घेतात. बौद्धाचार्यानं एकेक वाक्य सांगायचं, त्यांनी ते मागून म्हणायचं. बहुतेक ठिकाणी नवरी ओठातल्या ओठात पुटपुटते आणि सांगणारा पुढं सरकतो. आप्पा सरकायचे नाहीत. मुलीचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकल्याशिवाय पुढचं वाक्य नाही. जेवणाची वेळ टळो, वरपक्ष चुळबुळ करो. तिच्या लग्नात तिचाच आवाज नको का, असं ते म्हणत. कॉलनीतल्या मुलींना याचं फार कौतुक होतं. लग्नाआधी त्या घरी येऊन आप्पांपुढं मोठ्यानं बोलायचा सराव करून जायच्या.

आणि ह्या माणसाचे कान साठीत अधू झाले होते.

तेव्हा कानाचं मशीन म्हणजे खिशात ठेवायची एक डबी, तिच्यातून निघालेली वायर आणि कानात बसवायचं बोंडूक. डबीत एक पेन्सिल सेल. नव्वदीच्या अखेरीची गोष्ट सांगतोय. मी अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो. आयटीआय केलेला, इलेक्ट्रिशियन — म्हणजे घरातला, गल्लीतला, आणि माझ्या मते नाशकातलाही शहाणा. आप्पांना दर आठ-दहा दिवसांनी नवा सेल लागायचा आणि संपलेले सेल सुजाता खिडकीत रांगेनं उभे करून ठेवायची. मला ते बघवायचं नाही. मी ठरवलं, आता घरात चार्ज होणारे सेल आणायचे. फेकायचं नाही, पुन्हा भरायचं.

मेनरोडवरच्या दुकानात गेलो. काउंटरवरचे काका म्हातारे होते. त्यांनी विचारलं, कशाकशाला वापरणार? मी यादी वाचली. रेडिओ, घड्याळ, वडिलांचं मशीन. ते म्हणाले, बाकी सगळ्याला न्या, पण मशीनला साधाच सेल ठेवा. साधा सेल हळूहळू उतरतो, आवाज बारीक व्हायला लागला की माणूस आदल्या दिवशीच ओळखतो. हा भरायचा सेल शेवटपर्यंत टणटणीत चालतो आणि मग एकदम मान टाकतो. चार्जरही त्यांनी दोन दाखवले. एक प्रत्येक सेल वेगवेगळा भरणारा, भरला की आपोआप बंद होणारा. दुसरा जोडीनंच भरणारा. त्यात सेल किती भरला ते आपणच अंदाजानं ठरवायचं. आधीचा घ्या म्हणाले.

मी काय केलं असेल? मी त्यांना व्होल्टेज शिकवलं. मी कुठं कामाला आहे ते सांगितलं. आणि जोडीनं भरणारा चार्जर आणि चार सेल घेऊन, जग जिंकल्यासारखा घरी आलो. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यालाही बजावलं की आमचं सेलचं गिऱ्हाईक आता गेलं समजा. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं मला ते फार नडलं.

दोन-तीन महिने छान गेले, खोटं कशाला बोलू. एक सेल आप्पांच्या मशीनमध्ये, एक घड्याळात, दोन रेडिओत. आप्पा आल्यागेल्याला चार्जर दाखवायचे. आमच्या मुलानं आणलाय, म्हणायचे.

मग करुणाचं लग्न आलं. करुणा समोरच्या घरातली, सुजाताची मैत्रीण. गंगापूर रोडवर कार्यालय घेतलं होतं, लग्न अर्थात आप्पाच लावणार होते. आणि फोटो मी काढणार होतो. कुणी सांगितलं नव्हतं, मीच छातीठोकपणे सांगून बसलो होतो. मित्राकडून कॅमेरा आणला होता, वर बसवायचा फ्लॅशही. फ्लॅशला चार सेल लागायचे.

रेडिओतले दोन भरून ठेवले होते. सकाळी निघायच्या वेळी बघतो तर फ्लॅशला आणखी दोन हवेत, त्यांचं मी काहीच केलेलं नाही. आप्पांच्या मशीनमधला आदल्याच दिवशी भरून घातलेला, ताजा. त्याच्या जोडीला मित्रानं फ्लॅशबरोबर दिलेला एक जुना सेल भरला होता, तो मिळाला. म्हणजे तीन जमले आणि चौथा एक तर मशीनमध्ये, नाही तर घड्याळात. आप्पा आंघोळीला गेले होते. डबी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात होती.

इथं येऊन मी दर वेळी अडखळतो. वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आलो की घड्याळ चालू होतं, म्हणजे त्यातला सेल चांगला होता, म्हणजे तो मशीनमध्ये घालण्यात काही गैर नव्हतं. किती सरळ वाटतं ना? पण मी इलेक्ट्रिशियन आहे हो. घड्याळाला काय लागतं? मेल्यात जमा झालेल्या सेलवरही ते महिनोन् महिने टिकटिकत राहतं. मशीनला ताकद लागते. हे मला माहीत होतं. कारखान्यात मी हेच दुसऱ्यांना सांगायचो. मला माहीत होतं — आणि मी आप्पांचा भरलेला सेल काढून फ्लॅशला घातला, आणि घड्याळातला त्यांच्या डबीत सरकवला. बोंडूक कानाला लावून पाहिलं. आवाज आला. तासभर तरी टिकेल, म्हटलं.

वाटेत किराणा दुकान उघडं होतं. साधा सेल घ्यायला कितीसा वेळ लागला असता? पण त्या दुकानदाराला मी काय सांगून बसलो होतो, ते मघाशी सांगितलंच. मी थांबलो नाही.

कार्यालयात त्रिशरण, पंचशील व्यवस्थित झालं. आप्पांचा आवाज खणखणीत होता. मग प्रतिज्ञा सुरू झाल्या. नवऱ्या मुलाची झाली. करुणाचं पहिलं वाक्य आप्पांनी सांगितलं, तिनं मागून म्हटलं. चांगलं मोठ्यानं म्हटलं — सराव केला होता तिनं. आप्पा तिच्याकडे बघत थांबले. मग म्हणाले, "बाळ, मोठ्यानं." ती पुन्हा बोलली. आप्पांनी डबीवर बोट फिरवलं, आवाजाची चकती पूर्ण वर केली. तेच वाक्य पुन्हा सांगितलं. ती तिसऱ्यांदा बोलली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, आपलंच काही चुकतंय. मागं कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. वरपक्षाकडचा एक वडीलधारा माणूस, दिंडोरीकडचा, पुढं आला आणि माईकवरच म्हणाला, "गुरुजींना आता ऐकाया येत नाय. ऱ्हाऊ द्या, म्या सांगतो पुढचं." त्यानं वही आप्पांच्या हातातून घेतली. ओढली नाही, आदरानंच घेतली. आप्पा बाजूला झाले आणि हात जोडून उभे राहिले. काय चाललंय ते त्यांना ऐकू येत नव्हतं. लोकांचे चेहरे तेवढे दिसत होते.

मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो. फ्लॅश छान उडत होता.

जेवणाच्या वेळी मी आप्पांना कार्यालयाबाहेर नेलं. मशीन बघू द्या म्हटलं, पाठ केली, आणि फ्लॅशमधला सेल काढून डबीत परत घातला. त्यांनी बोंडूक कानात बसवलं. "आता येतंय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून विचारलं, "सेल भरलेला होता ना रे?"

बघा, इथपर्यंत ती चूक होती. उथळपणा, मिरवायची हौस, काय म्हणाल ते. एक वाक्य बोलून मोकळा झालो असतो. आप्पा रागावले असते, दिवसभर बोलले नसते, एवढंच. त्यांनी पन्नास मुलं शिस्तीत ठेवली होती, पण माझ्यावर हात कधी उगारला नव्हता. मग भीती कसली होती मला? मार खायची नव्हती. त्यांच्या डोळ्यांतला तो शहाणा मुलगा, आल्यागेल्याला चार्जर दाखवताना ज्याचं नाव निघायचं तो — तो मरेल, याची होती.

"पूर्ण भरलेला होता, आप्पा," मी म्हणालो. "मशीनही ठीक आहे. इथं बाहेर शांत आहे म्हणून येतंय. गर्दीत तुमचा कान आता धरत नाही."

त्यांनी मान हलवली. सेलमधलं मला कळतं आणि त्यांना कळत नाही, हे त्यांनी केव्हाच मान्य केलं होतं.

पुढच्या रविवारी त्यांनी विहारात उभं राहून सांगितलं की यापुढं लग्नं कांबळे लावतील. कांबळे त्यांच्या हाताखाली तयार झालेले, चाळिशीतले गृहस्थ. वही त्यांना दिली. त्याच आठवड्यात मी साधे सेल आणले, दुसऱ्या गल्लीतून, आणि आप्पांच्या मशीनला कायम तेच घालत गेलो. म्हणजे मला सगळं कळत होतं. मी यंत्र दुरुस्त केलं आणि माणूस तसाच ठेवला.

दोन वर्षांनी सुजाताचं लग्न ठरलं. तिनं लहानपणापासून एकच सांगितलं होतं, माझं लग्न आप्पा लावणार. आप्पा नाही म्हणाले. करुणाला रडवलं तसं तुला रडवायचं नाही, म्हणाले. सुजाता माझ्याकडे आली. दादा, तू सांग ना त्यांना, तुझं ऐकतात. तिनं हेही विचारलं की मशीनचंच काही बिघडलं नसेल ना, एकदा दाखवून आणू या का. मी म्हणालो, मी तपासलंय. मशीनमधलं तिलाही कळत नव्हतं.

लग्न कांबळ्यांनी लावलं. आप्पा पहिल्या रांगेत बसले होते. सुजाता प्रतिज्ञा म्हणत होती आणि तिच्याबरोबर आप्पांचे ओठ हलत होते. एकही शब्द मागं-पुढं नाही. घरी आल्यावर खुशीत म्हणाले, पोरीचा शब्द न् शब्द ऐकला मी. तेव्हा तरी? बहीण सासरी गेली होती, घरात आम्ही दोघंच होतो, तेव्हा तरी बोलायचं की नाही? पुढं बसला होतात म्हणून, असं मी म्हणालो.

त्यानंतर आप्पा सहा वर्षं होते. एकही लग्न त्यांनी लावलं नाही. लोक बोलवायला यायचे, ते हात जोडून परत पाठवायचे. शेवटच्या वर्षी पायांनी साथ सोडली, मग कॉटवरच बसून असायचे. कांबळे भेटायला येत. एकदा दुपारी आले तेव्हा मी घरी होतो. कांबळे म्हणाले, गुरुजी, माझंही वय होत चाललं, आपण कधी थांबायचं हे कसं कळतं हो? आप्पांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"मला ह्यानं सांगितलं," ते म्हणाले. "सगळे मला बरं वाटावं म्हणून गोड बोलले असते. मी आणखी चार मुलींना रडवलं असतं. ह्यानं तोंडावर खरं सांगितलं. असा मुलगा असला की माणसाची अब्रू राहते."

कांबळ्यांनी माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी मान खाली घातली, ते त्यांना नम्रपणा वाटला असणार. मग कपबश्या उचलल्या आणि आत नेऊन विसळल्या.