रिकाम्या बाकांपुढे सतरंजी

श्रीगोंद्याजवळच्या आमच्या गावची मी सरपंच झाले ती राखीव जागेमुळे. कागदोपत्री मी, खुर्चीत नवरा. ग्रामसभेला पुरुष खुर्च्यांवर, बाया दाराशी सतरंजीवर, आणि मीही त्यांच्यातच. ठराव तो वाचायचा, मी फक्त सही करायची. वस्तीवरच्या बायका पाण्याच्या पाइपलाइनसाठी माझ्याकडे यायच्या आणि मी म्हणायचे, "ह्यांना सांगते." स्वतःचाच राग यायचा, पण तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं.

मग महिला सरपंच आणि सदस्यांचा अभ्यासदौरा दिल्लीला निघाला. नवऱ्यांना सोबत यायला मनाई, म्हणून आमच्या घरात दोन दिवस तोंडं फुगलेली. माझ्याबरोबर पंचायतीतली सर्वांत वयस्क सदस्य आली. तिला सगळं गाव जिजी म्हणतं. तिला सहीपुरतंच लिहिता येतं. जीभ मात्र कुणाच्या बापाला भीत नाही.

दिल्लीत आम्हाला संसदेच्या इतिहासाचं संग्रहालय दाखवायला नेलं. काचेआडच्या संविधानाला जिजीनं हात जोडले. पुढच्या दालनात सभागृहाची प्रतिकृती होती. अर्धगोलात बाक, समोर अध्यक्षांची उंच खुर्ची. माहिती सांगणारी मुलगी म्हणाली, बसा. आम्ही तीसेक बाया गुमान भिंतीकडेला गेलो आणि गालिच्यावर मांडी घालून, पदर सावरून बसलो. बाक तसेच रिकामे. ती मुलगी बघतच राहिली.

जिजीनं इकडंतिकडं पाहिलं. "आगं बायांनो, एक बी गडी आला न्हाई संगं. मंग ह्या जागा कुनासाठी ठिवल्यात?"

हशा पिकला. जिजी उठली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली. मी तिच्या शेजारी बसले आणि मला रडूच आलं.

पुढच्या ग्रामसभेला मी नवऱ्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. म्हटलं, "उठा की. मला बसायचंय." तो नुसता हसला, जागचा हलला नाही. तेवढ्यात जिजी पुढच्या रांगेत, पुरुषांच्या मधल्या खुर्चीवर येऊन बसली. "चल, कर सुरू. आमी ऐकतो." तिच्या मागोमाग आणखी बाया आल्या, मिळेल त्या खुर्चीत बसल्या. शेवटी नवरा उठला. आता खुर्ची शिल्लक नव्हती, म्हणून बिचारा सतरंजीवर टेकला. पाइपलाइनचा ठराव मी वाचला. तो मंजूर झाला.

जिजीचे उपकार या जन्मी तरी फिटायचे नाहीत. तसं तिला म्हटलं, तर म्हणते, "म्या काय केलं? गुडघं लई दुखत हुतं, खाली बसवंना."

त्या ग्रामसभेहून घरी आल्यावर नवरा आधी गुडघे चोळत बसला. मग म्हणाला, "तिथं खाली बसलं ना, की वर काय चाललंय ते नीट ऐकूच येत न्हाई."

"व्हय," मी म्हटलं, "म्हाईत हाय मला."