मूठ दत्तूकाकांनी पिळली नव्हती

संघमित्रा गमरे बारा वर्षं महापेच्या एका इन्व्हर्टर बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिचं टेबल सगळ्यात शेवटचं. झाकण लागण्याआधी प्रत्येक नग तिच्यापुढे यायचा, ती तपासायची, सही करायची, मगच माल पॅकिंगला जायचा. तिच्या सहीचा एकही नग परत आला नाही, असं सुपरवायझर नव्या पोरींना सांगायचा, आणि तो सांगत असताना संघमित्रा मान खाली घालून काम करत राहायची. मनातून मात्र सुखावायची.

कारखाना दुसरीकडे हलला. संघमित्राने खांदेश्वरचं घर सोडायचं नाही असं ठरवलं आणि शिरवण्यात एक छोटा गाळा घेतला. साध्या सायकलींना मोटार बसवून द्यायचं काम सुरू केलं. मागच्या चाकात मोटार, दांड्याला बॅटरी आणि सीटखालच्या डबीत कंट्रोलर. मूठ किती पिळली ते ओळखून मोटारीला किती वीज सोडायची, हे तो कंट्रोलर ठरवतो. आधी दुसऱ्यांनी आणून दिलेली कामं करत होती. पहिलं स्वतःचं गिऱ्हाईक आलं ते करावे गावातले दत्तूकाका.

दत्तूकाका सदुसष्ट वर्षांचे. पूर्वी खाडीत जाळं टाकायचे, आता सायकलवर डबा बांधून सीवूड्सच्या सोसायट्यांतून कोलंबी आणि चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, विकायचे. गुडघे बोलायला लागले म्हणून मुलगा हरेश त्यांना घेऊन आला.

"बाय, चढावावर उतरावं लागतं गं," काका म्हणाले. "चिंबोऱ्या डब्यात हसतात माज्यावर."

काम दोन दिवसांत झालं. शेवटी कंट्रोलरला मोटारीची ओळख करून द्यायची राहिली होती. त्यासाठी दोन पांढऱ्या वायरी एकमेकींत खोचायच्या आणि चावी फिरवायची, म्हणजे चाक आपोआप फिरू लागतं. उलटं फिरलं तर वायरी काढून पुन्हा खोचायच्या, मग ते सुलटं फिरतं. आणि सुलटं फिरलं की वायरी कायमच्या वेगळ्या करून टोकांना टेप लावायची. नाही तर पुढच्या वेळी चावी फिरवताक्षणी, मूठ न पिळताच, चाक पळतं.

चाक आधी उलटं फिरलं, मग सुलटं. इतकं गुळगुळीत फिरलं, की संघमित्राने मोबाईल काढला. आपल्या स्वतःच्या गिऱ्हाइकाची पहिली सायकल! दोनदा व्हिडिओ काढला, पहिल्यात मागे कचऱ्याची बादली येत होती म्हणून. स्टेटसला टाकला. "ताई, भारी!" असे निरोप येऊ लागले. ते वाचता वाचता तिने चावी बंद केली, वायरींचा गुंता डबीत कोंबला आणि झाकणाचे चार स्क्रू आवळले. मूठ पिळून बघायला हवी होती, तेही राहिलं. हरेशचा टेम्पो दारात उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी करावेला, घरासमोर, दत्तूकाकांनी सायकल स्टँडवरून उतरवली. त्यांची बायको सुंदराबाई पुढे उभी राहून हँडलला पिशवी अडकवत होती. काकांनी चावी फिरवली आणि सायकलीने उडी घेतली. सुंदराबाईचा हात हँडल आणि ओट्याच्या मधे सापडला. काकांनी घाबरून मुठी आणखी घट्ट धरल्या. हरेशने धावत येऊन चावी बंद केली तोवर मनगटाचं हाड मोडलं होतं.

दुपारी हरेश सायकल टेम्पोत घालून गाळ्यावर आला. झालं ते सांगितलं आणि म्हणाला, "मोटार काढून टाका. साधी सायकल करून द्या. बाबांनी मूठ पिळली चुकून."

संघमित्राने डबी उघडली. दोन्ही पांढऱ्या वायरी एकमेकींत होत्या, तिने खोचल्या होत्या तशाच.

हरेश मागे उभा होता, पण त्याला त्यातलं काय कळणार? तिने त्या वायरी ओढून वेगळ्या केल्या.

"तुमची काय चूक नाय ताई," हरेश म्हणाला. "वय झालं त्यांचं."

"हं," ती म्हणाली. बस, तेवढंच म्हणाली.

मोटार उतरवली, साधं चाक बसवलं. तो गेल्यावर तिने स्टेटसचा व्हिडिओ काढून टाकला. मग फोनमधलाही.

चार-पाच दिवसांनी मोसंबी घेऊन ती करावेला गेली. सांगायचं ठरवूनच निघाली होती. दत्तूकाका ओट्यावर मासळी साफ करत बसले होते, सवय नसल्यासारखे, अर्धे खवले तसेच ठेवून. सुंदराबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन त्यांना ओरडत होती. "त्या हाताने हाडं मोडायला येतात, मासा सोलायला नाय येत!"

काका खाली बघून खवले काढत राहिले. त्यांची सहा वर्षांची नात, मैत्री, "आजा, सायकलवर बसव ना" म्हणत आली, तेव्हा त्यांनी तिला हळूच बाजूला केलं.

"नको गं. बापाला सांग." मग संघमित्राकडे वळून म्हणाले, "माज्या हातांचा भरवसा नाय ऱ्हायला, बाय. मी मूठ पिळली नाय असं मना वाटतं. पन पिळली असनार. नाय तर सायकल कशी पलेल?"

हे ऐकून तरी तिने बोलायला हवं होतं. तिने मोसंब्यांची पिशवी ठेवली, चहा घेतला आणि परत आली.

त्यानंतर तिला जेवण जाईना. गाळ्यात येणारं प्रत्येक काम ती तीन-तीनदा तपासायची आणि तरी स्क्रू लावताना हात थांबायचा. भाऊ संघर्ष घरी आला तेव्हा तिने त्याला सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, "टेन्शन कशाला घेतेस? कंट्रोलर फॉल्टी होता म्हण. म्हातारा पण सुटला, तू पण सुटलीस."

तिला ते पटलं. दोन्ही बाजूंनी बरं होतं.

सोळाव्या दिवशी ती पुन्हा करावेला गेली. हरेशही घरी होता. ओट्यावर बसल्या बसल्या ती म्हणाली, "काका, तुम्ही मूठ पिळली नव्हती. कंट्रोलर खराब होता."

काकांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून तिलाच रडू येईल असं वाटलं. पण हरेश उसळला. "मग सोडायचं नाय त्याला! पार्ट कोनी दिला? चला आत्ता, मी येतो."

काका मात्र तिच्याकडेच बघत होते. "तुला कवा कललं?"

"काय?"

"खराब हाय ते. कवा कललं?"

संघमित्राने काकांच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "त्याच दुपारी. आणि कंट्रोलर चांगला होता, काका. दोन वायरी काढायच्या असतात, त्या मी काढल्या नाहीत. व्हिडिओ काढत बसले होते. हरेशदादा सायकल घेऊन आले तेव्हा डबी उघडली आणि दिसलं. मी गप्प बसले."

हरेश काय काय बोलला ते तिने ऐकून घेतलं. त्यात खोटं काही नव्हतं. सुंदराबाई दारात बसून सगळं ऐकत होती; ती ओरडली नाही.

"सोला दिवस," ती म्हणाली. "सोला दिवस मी ह्याला शिव्या घातल्या. पोराबालांसमोर. तू इथं बसून च्या प्यायलीस."

"चुकलं, मावशी."

"हाड मोडलं ते चुकलं. दुसरं चुकलं नाय. ते तू केलंस."

दत्तूकाका उठले, आपले दोन्ही हात पुढे धरून थोडा वेळ बघत राहिले आणि सायकल काढून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. गुडघे दुखत होते, तरी बसूनच गेले, उतरले नाहीत.

प्लास्टर निघालं, पण सुंदराबाईचं मनगट पुरतं वळत नाही. फिजिओथेरपीला न्यायला संघमित्रा रिक्षा घेऊन जायची. दोनदा सुंदराबाई आली, तिसऱ्यांदा म्हणाली, मी सुनेबरोबर जाईन. हरेशने गावात सगळ्यांना सांगितलं. करावेतून संघमित्राकडे कोणी येत नाही, आणि त्याबद्दल तिने कोणाकडे तक्रारही केलेली नाही.

पावसाळ्यानंतर एका दुपारी दत्तूकाका एकटेच गाळ्यावर आले. सायकल दाराशी लावली, मागे डबा होता.

"मोटार बसवायची का, काका?" तिने भीतभीत विचारलं.

"नाय. ब्रेक कमी लागतोय, बघ."

तिने ब्रेक आवळून दिला. काका जायला निघाले आणि वळून म्हणाले, "ये कधी घरी."

"मावशींनी सांगितलंय?"

काकांनी डब्याची दोरी नीट केली. "नाय," ते म्हणाले. "तिने नाय सांगितलं."

ती अजून गेलेली नाही.